लाभार्थीची सही लागत नाही

आमच्या भागात 'ट्रस्ट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात, देवस्थान नाहीतर कॉलेज. दोन्हीकडे पावतीपुस्तक असतं, अध्यक्ष असतो आणि अध्यक्षाला काढू पाहणारा उपाध्यक्ष असतो. त्यामुळे एखाद्या पक्षकाराला मी "तुमच्या घराचा ट्रस्ट करू" म्हणालो की तो आधी दचकायचा आणि मग हळूच विचारायचा, "मंग त्यात इलेक्शन कोन लढन?"

मी बुलडाण्याच्या कोर्टात दिवाणी वकिली केली. दिवाणी वकिलाचं काम पाहायला कोणी येत नाही. फौजदारीवाल्यांकडे खून असतात, आमच्याकडे बांध, बोळ आणि बुजवलेल्या मोऱ्या. आणि हो, मेलेली माणसं आमच्याकडेही असतात, पण अंथरुणात शांतपणे मेलेली. माझी निम्मी वकिली त्यांच्यावर चालली. माणूस शांतपणे जातो आणि मागचे अशांत होतात, एवढंच आमच्या धंद्याचं भांडवल.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. माणूस काही न लिहिता गेला तर कायदा त्याचे वारस ठरवतो. कायद्याला माणसाचा स्वभाव माहीत नसतो, वंशावळ माहीत असते. मृत्युपत्र करून गेला तर बरं, पण मृत्युपत्राची अडचण अशी की ते वाचलं जाईपर्यंत लिहिणारा निघून गेलेला असतो. खरं का खोटं, शुद्धीत केलं का कोणी हात धरून करवलं, हे त्याला विचारता येत नाही. मग कोर्टाकडून ते खरं असल्याचा शिक्का आणायचा, त्याला प्रोबेट म्हणतात. मुंबईकडे त्याचं फार प्रस्थ. आमच्याकडे त्याची सक्ती नाही, पण कोणी हरकत घेतली की वेगळ्या दाराने त्याच खोलीत जावं लागतं. सगळ्या नातेवाइकांना नोटिसा, पेपरात जाहिरात, तारखा, साक्षी, उलटतपास.

हे टाळायचं असेल तर मेल्यावर व्हायचं ते जिवंतपणीच करून ठेवायचं. घर विश्वस्तांच्या हवाली करायचं. आपण हयात असेपर्यंत आपण राहायचं, मग अमक्याने राहायचं, असं दस्तात लिहायचं. माणूस गेला तेव्हा ते घर त्याचं नव्हतंच, मग त्याला वारस कुठून येणार? कोर्टाने उघडावं असं दारच उरत नाही. युक्ती साधी आहे. फक्त जिवंतपणी सोडता आलं पाहिजे.

ते सगळ्यांना जमत नाही. आमच्या गावातले एक निवृत्त मोठे अधिकारी शहरातल्या कुण्या सल्लागाराचं भाषण ऐकून माझ्याकडे आले. त्यांना स्वतःच्या नावाचा परिवार न्यास हवा होता. बोधचिन्ह हवं होतं, संस्कृत ब्रीदवाक्य हवं होतं. दस्तावर सह्या करायचा समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फोटो, आणि न्यास म्हणजे काय यावर त्यांचंच भाषण. फाटकावर पितळी पाटी लागली. त्यानंतर मी म्हणालो, "साहेब, आता बंगला आणि प्लॉट न्यासाच्या नावावर करून घेऊ."

"म्हणजे माझं नाव काढायचं?"

"हो. त्यासाठीच हे सगळं केलं ना."

"माझ्या हयातीत? माझ्याच बंगल्यावरून?"

त्यांनी पाहू म्हटलं आणि अखेरपर्यंत पाहतच राहिले. आमच्याकडे काही गावांत पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं, कोनशिलेवर नावं येतात आणि टाकीत पाणी कधीच येत नाही. तसा तो न्यास. त्यांची मुलं आता त्याच बंगल्यासाठी कोर्टात समोरासमोर बसतात आणि पाटी अजून चकाकते.

हे सांगितलं ते यासाठी, की माझ्या हातून झालेला सगळ्यात चोख ट्रस्ट देऊळघाटच्या एका बाईचा होता आणि तिला नाव सोडायला एक क्षणही लागला नव्हता.

तिचं नाव परबताबाई. घरामागच्या परसात भाजी काढायची आणि बुलडाण्याच्या बाजारात विकायची. ती माझ्याकडे आली तेव्हा सोबत तिच्याहून बरीच लहान, पण तीही केस पिकलेली, एक बाई होती. तिला परबताबाईने बाहेर बाकावर बसवलं, आत येऊन दार लोटलं आणि मग माझ्यासमोर बसली.

"बाहेर बसली ना, ते लीला. माह्यी धाकटी."

"बहीण?"

"सवत."

परबताबाईला मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने लीलाला करून आणलं होतं. तिलाही झालं नाही. गाव त्या लग्नात जेवून गेलं होतं, पण कायदा जेवायला आलेला नव्हता. पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याच्या हिशेबी झालेलंच नसतं. नवरा वारला तेव्हा घर आणि वावर, म्हणजे शेत, दोन्ही परबताबाईच्या एकटीच्या नावावर आलं. तिच्यानंतर ते जाणार नवऱ्याच्या पुतण्याकडे, गजाननकडे. लीला कुठेच नव्हती. गंमत म्हणजे आधार कार्डावर दोघींच्या नावापुढे एकाच माणसाचं नाव होतं. सरकार एका खिडकीवर जे मान्य करतं ते दुसऱ्या खिडकीवर ओळखत नाही.

"मृत्युपत्र करू," मी म्हणालो. "घर लीलाबाईंना."

"वावर गजूले जाऊ द्या. तोच वाहून राह्यला ते. घर इचं. पन मृत्युपत्र नोको."

"काऊन?"

"माह्या भावाच्या तारखेले मी एकडाव कोर्टात आल्ती. वऱ्हांड्यात बसली होती. खिडकीतून दिसे. एका बाईले वकील इचारे, 'तू त्याची कोन? लग्नाची का ठेवलेली?' सारे हासले. जजसाहेब नाई हासले, पन त्यायनं लिहून घेतलं." तिने लोटलेल्या दाराकडे बोट केलं. "माह्यामांगं इले कोनी तसं इचारलं नाई पाह्यजे. घर गेलं तं गेलं, पन हे नाई."

हा प्रश्न आमच्या धंद्यात हत्यारासारखा वापरतात. त्याला धार लावावी लागत नाही.

"गजानन भांडणारा आहे का?"

"गजू चांगला हाये," परबताबाई म्हणाली. "पन चांगल्या मानसालेबी वकील भेटते."

मी तिला ट्रस्ट समजावून सांगितला. इलेक्शन नाही, पावतीपुस्तक नाही. हयात असेपर्यंत तिनेच घर पाहायचं, तिच्यानंतर दोन विश्वस्तांनी, आणि राहायचं लीलाने, मरेपर्यंत. दस्तात लीलाचं नाव येईल, नातं येणार नाही. नातं सिद्ध करायची वेळच येणार नाही.

"म्हनजे इले काहीच बोला लागत नाई?"

"तिची सहीसुद्धा लागत नाही."

परबताबाईने डोळे मिटून घेतले. देवळात मिटावेत तसे नव्हे, ओझं उतरल्यावर मिटतात तसे.

विश्वस्त म्हणून तिने दोन नावं सांगितली. एक शेजारचा हमीदभाई, बायकांचे कपडे शिवणारा शिंपी, आणि दुसरा मी. "तुमी दोघं एकामेकाले वळखत नाई," ती म्हणाली. "म्हनजे एक होऊन खानार नाई." मी बरीच पुस्तकं वाचली, पण विश्वस्त निवडायचा याहून चांगला निकष मला सापडलेला नाही.

नोंदणीच्या दिवशी संगणकावर बसलेल्या माणसाला हमीदभाईचं नाव जरा खटकलं. "आजी, घर तुमचं अन् विश्वस्त हे?"

"माह्या चोळीचं माप त्याच्यापाशी हाये," परबताबाई म्हणाली, "घराचं असलं तं काय बिघडलं?"

हमीदभाई लाजला. "काकी, यहाँ तो चुप बैठो," म्हणाला. खोलीत सगळे हसले. हे हसणं वेगळं होतं.

लीलाही आली होती, इस्त्रीची साडी नेसून. तिला यायची गरज नव्हती, हे मी परबताबाईला सांगितलं होतं. कार्यालयाबाहेरच्या बाकावर ती ताठ बसली होती. मी जाता जाता तिला म्हणालो, "बाई, तुम्ही आरामात बसा. लाभार्थीची सही लागत नाही."

"मले आत बलावतीन?"

"नाही, नाही. काहीच करायचं नाही तुम्हाला."

"बरं," लीला म्हणाली.

परबताबाईने अंगठा दिला, फोटो काढला, बाहेर येऊन लीलाचा हात धरला आणि दोघी बसस्टँडकडे चालत गेल्या. ग्रामपंचायतीत घराची नोंद मी जातीने बदलून घेतली. पाणी टाकीत आलं.

पुढे एका हिवाळ्यात परबताबाई गेली. अग्नी गजाननने दिला. दिवस झाल्यावर तो माझ्याकडे आला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, बोलायला साधा. मी त्याला दस्ताची नक्कल दिली. त्याने बोट ठेवून ठेवून सगळी वाचली.

"म्हनजे मी कोर्टात जाऊच शकत नाई?"

"जाऊ शकता. पण मागणार काय? काकूंच्या नावावर घरच नव्हतं."

त्याने नकलेवरचं बोट उचललं. मग म्हणाला, "साहेब, मी धाकट्या काकीले घराभाईर काढनार होतो का? रोज सकाळी वावरात जातानी तिच्या हातचा चहा पेतो मी. मले इचारलं असतं तं मीच म्हनलं असतं, राह्य."

"म्हणाला असता कदाचित."

"कदाचित?"

"गजाननराव, कदाचितवर घर उभं राहत नाही."

हे वाक्य मला त्या वेळी बरं वाटलं होतं. तो नक्कल घडी घालून खिशात ठेवून निघून गेला. कोर्टात गेला नाही. भांडला नाही. फक्त वावरात जायचा रस्ता त्याने बदलला.

ट्रस्टने ठरल्याप्रमाणे काम केलं. ना नोटीस, ना जाहिरात, ना तारीख. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात. मात्र एक गोष्ट दस्तलेखनाच्या पुस्तकांत लिहिलेली नसते. दाव्यातली माणसं तारखेला तरी भेटतात. वऱ्हांड्यात एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात, पण कोण खंगलं, कोणाला काठी लागली, हे एकमेकांना दिसतं. मी असे भाऊबंद पाहिलेत, ज्यांचं बोलणं वीस वर्षं फक्त वकिलांमार्फत झालं आणि एक वारला तेव्हा दुसरा सगळ्यांआधी पोचला. जिथे भांडणच नाही तिथे तारीखही नाही. कोणाला कोणाकडे यायचं कारणच उरत नाही.

वकिली सोडल्यावर माझ्याकडे जी मोजकी कामं उरली त्यातलं हे विश्वस्तपण. देऊळघाट बुलडाण्यापासून जवळ आहे. मी अधूनमधून ऑटोने जायचो, कौलं-भिंती पाहायचो, हमीदभाईशी बोलायचो आणि परत यायचो. लीला ओट्यावर चहा आणून द्यायची. आमचं बोलणं घर गळतं का आणि नाही गळत यापलीकडे जात नसे.

गेल्या वर्षी पाऊस उघडल्यावर गेलो तर परसात वांगी झाडावरच लगडून पिवळी पडलेली. भाजीवाल्या बाईच्या परसात वांगं पिवळं पडणं म्हणजे वकिलाच्या घरी मुदत उलटून जाण्यासारखं.

"बाजारात जात नाही का?" मी विचारलं.

"नाई जात."

"तब्येत?"

"तब्येत बरी हाये." लीला खांबाला टेकून उभी होती. पलीकडून हमीदभाईच्या मशीनचा आवाज येत होता. मग ती एकदम म्हणाली, "साहेब, एक इचारू? राग नोका मानू."

"विचारा."

"तुमी अन् थोरलीनं मिळून मले कोर्टातून वाचवलं ना?"

"हो."

"मले जायचं होतं."

मी कप खाली ठेवला.

"थोरलीले सांगता नाई आलं. तिनं एवढं माह्यासाठी केलं. तिले वाटे, मले कोनी इचारलं तं मी मरून जाईन." तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. "पन साहेब, लग्न होऊन आली तवापासून मले कोनी इचारलंच नाई. गाव मांगून बोले, तोंडावर इचारलं कोनीच नाई. मले वाटे, एक दिवस जजसाहेब बसले असतीन, गजू असन, सारे असतीन, अन् कोनीतरी म्हनन, तू कोन बाई? मंग मी सांगीन. हासले असते तं हासले असते. पन लिहून तं घेतलं असतं ना."

हमीदभाईचं मशीन थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मी वकिलीत असंख्य साक्षीदार तपासले. साक्ष टाळण्यासाठी आजारी पडणारे, गाव सोडणारे, बहिरे होणारे पाहिले. साक्ष द्यायची राहून गेली म्हणून दुःख करणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं होतं. तिला ट्रस्टचे फायदे तर सांगता येत नव्हते.

"आता कोनी इचारत नाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "तुमीच इचारा ना. वकील होते ना तुमी?"

"इथे?"

"मंग कुठी? कोर्टात तं तुमी जाऊ देल्लं नाई."

मला थोडी लाज वाटली. ओट्यावर बसून, चहाचा कप बाजूला ठेवून, असला खेळ करायचा. पण लीला खांब सोडून पुढे आली होती आणि हात समोर जोडून ताठ उभी राहिली होती. मी घसा साफ केला.

"नाव?"

"लीला."

"पूर्ण सांगा."

तिने पूर्ण सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, हमीदभाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"धंदा?"

"भाजी. परसातली."

इथे आमच्या पद्धतीप्रमाणे मयताशी नातं विचारायचं असतं. मयत कोण, हे मला ठरवायचं होतं. नवऱ्याचं विचारलं असतं तर तो जुनाच प्रश्न झाला असता.

"मयत परबताबाई तुमच्या कोण?"

ती लगेच बोलली नाही. खोटं बोलणारा साक्षीदार लगेच बोलतो, हे मला माहीत आहे.

"साहेब, भाजीची भरलेली टोपली असते ना, ते एकट्या बाईले डोक्यावर घेता येत नाई," ती म्हणाली. "कोनी उचलून द्या लागते. मी आली तवा थोरली माह्यासंगं बोलत नोव्हती. लय दिवस नाई बोलली. पन दोघीची टोपली राहे. मंग ते माह्यी उचलून दे अन् मी तिची. मान हालवून सांगे, झालं म्हनून. असंच होता होता बोलाले लागली. नवरा तं मंग गेला. त्याच्यासंगं माह्ये किती दिवस गेले? सारे दिवस तिच्यासंगं गेले. मी त्याची कोन होती ते कोर्टाले मालूम असन. तिची... टोपली उचलून देनारी होती. ते माह्यी होती. आता टोपली भरतो अन् टोपलीकडेच पाहत बसतो. दुसऱ्या कोनाले आवाज द्यावा वाटत नाई. एवढंच हाये."

"आणखी काही सांगायचं आहे?"

"नाई."

"उलटतपास नाही," मी म्हणालो. समोरच्या वकिलाला काही विचारायचं नसलं की आम्ही असं म्हणतो. साक्ष पूर्ण होते.

"झालं?"

"झालं."

"कोर्टात एवढाच टाइम लागते?"

"कोर्टात बारा वर्षं लागतात."

ती हसली. मग डोळे पुसत परसात उतरली, वांग्याच्या रोपांत वाकली आणि चांगली चांगली तोडून पिशवीत टाकू लागली. मेथीही उपटली. पिशवी फुगली तरी तिचा हात थांबेना. मी निघायला उठलो तेव्हा ती पिशवी घेऊन ओट्यापाशी आली.

"एवढी बस का? घरी कोन कोन हाये?"

मी चपला घालत होतो. एक चप्पल पायात नीट बसेना.

"बाई, साक्षीदारानं वकिलाला प्रश्न विचारायचे नसतात."

लीलाने माझ्याकडे पाहिलं. ओट्यावर पिशवी ठेवून त्यातली निम्मी वांगी बाहेर काढली, एक जुडी ठेवून बाकीची मेथीही काढली, पिशवीचे बंद बांधले आणि माझ्या हातात दिली.

"घ्या," म्हणाली. "एकट्याले एवढी पुरते."